निखारा, तूप आणि सब्र

रमजानमध्ये मगरिबची अजान होते, खजूर आणि पाण्याने रोजा सुटतो, नमाज आटोपते आणि मग जुन्या शहराचे रस्ते हळूहळू भरू लागतात. शहागंज, सिटी चौक, रोशन गेट या भागांत रस्त्याच्या कडेला लांबट शेगड्या पेटतात. कबाबवाला हातपंख्याने निखारे फुलवतो. सीखेवरच्या खिम्यातली चरबी थेंबाथेंबाने खाली पडते, प्रत्येक थेंबासरशी चर्र असा आवाज होतो आणि धुराचा एक लोट वर उठतो. दुकानाची पाटी वाचायची गरज पडत नाही. गिऱ्हाइकांना तो वासच बोलावून आणतो.

हा वास घरच्या जेवणात आणता येईल का, असा प्रश्न अलीकडे अनेक तरुणांना पडू लागला आहे. मोबाइलवर टेक्सासमधले व्हिडिओ पाहायचे, तिथली लोक बारा-बारा तास लाकडाच्या धुरात मांस शिजवतात ते न्याहाळायचे आणि मग तसली लोखंडी पेटी इथे कितीला मिळेल याची चौकशी करायची. किंमत ऐकली की उत्साह मावळतो. खरे तर सुरुवात करायला पेटी लागतच नाही. एक कोळसा, एक वाटी, चमचाभर तूप आणि घट्ट झाकणाचे पातेले एवढे सामान जवळपास प्रत्येक घरात असते. दख्खनच्या मुस्लिम स्वयंपाकघरात या कृतीला 'धुंगार' म्हणतात. मराठी घरांत भरिताला किंवा ताकाला कोळशाची 'धुरी' देतात, तीच ही रीत.

धुराकडे आच म्हणून पाहिले तर पदार्थ बिघडतो, मसाला म्हणून पाहिले तर जमतो. हिंग किंवा केवडा जसा चिमटीने, थेंबाने वापरतात, तसाच धूर वापरायचा असतो. या शौकातले पहिले आणि बहुधा शेवटचे शिक्षण एवढेच आहे. बाकी सगळा सराव.

सक्तीचा धूर, शौकाचा धूर

दोन पिढ्यांपूर्वी या शहरात आणि भोवतालच्या खेड्यांत धुरासाठी वेगळे काही करावे लागत नसे. चूल होती, शेणी आणि काटक्या होत्या, अंगणात तंदूर होता. डाळीलासुद्धा धुराचा वास असायचा. त्या चवीची आठवण आज मोठ्या प्रेमाने काढली जाते. पण ज्या बायकांनी फुंकणीने चूल फुंकली, त्यांच्या लाल झालेल्या डोळ्यांची आणि खोकल्याची आठवण मात्र कमी निघते. बंद स्वयंपाकघरातला चुलीचा धूर फुप्फुसांना किती घातक असतो, हे आता डॉक्टरांनी सांगायची गरज उरलेली नाही. गॅस आला, २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली, सिलिंडर गरीब घरांपर्यंत पोहोचू लागले. आजही सिलिंडर परवडत नाही म्हणून चूल पेटवणारी घरे आहेतच. पण ज्या घरांतून धूर गेला, तिथे तो गेल्याचे दुःख करण्याचे कारण नाही.

उलट, ती सक्ती संपली म्हणून तर धूर हा शौक होऊ शकतो. ज्या घरात रोज तीन वेळा धूर सोसावा लागतो, तिथे कुणी धुराचा छंद करत नाही. ही गोष्ट ध्यानात असली की या छंदाचे काही नियम आपोआप ठरतात. धूर थोडा असावा, उघड्या हवेत असावा, कधीमधी असावा आणि तो घरातल्या कुणाच्या डोळ्यांत, छातीत किंवा कामात भर घालणारा नसावा.

आपल्याकडे मांस उन्हात वाळते

जगात मांसाला धूर देण्याची रीत चवीसाठी सुरू झाली नाही, ती टिकवण्यासाठी सुरू झाली. जिथे हवा दमट किंवा थंड असते आणि ऊन भरवशाचे नसते, तिथे धूर कामाला आला. ईशान्य भारतातल्या डोंगराळ भागांत चुलीवर टांगलेल्या मचाणावर मांस आठवडेच्या आठवडे धुरावते. काश्मीरमध्ये हिवाळ्यासाठी गवताच्या जाळावर मासे धुरावून ठेवतात, त्याला 'फरी' म्हणतात. लक्षद्वीपच्या बेटांवर टुना मासा उकडून, धुरावून आणि वाळवून 'मासमीन' तयार होतो. वर्षभर टिकणारा हा मासा तिथल्या मुस्लिम घरांतल्या जेवणाचा कणा आहे.

मराठवाड्यात निसर्गाने वेगळी सोय करून ठेवली. इथले कोरडे, कडक ऊन हेच मोठे साधन. बकरी ईदनंतर उरलेल्या गोश्ताच्या लांब पट्ट्या कापून, मीठ-हळद लावून दोरीवर वाळत घालायची आणि 'सुखा गोश्त' म्हणून पुढचे काही महिने पुरवून खायची, ही चाल अनेक घरांत होती. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत वाळवलेल्या मांसाच्या तुकड्यांना 'चान्या' म्हणत. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये आलेल्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित समाजाच्या या खाद्यसंस्कृतीची नोंद केली आहे. ज्यांच्याकडे शीतकपाट नव्हते आणि मांस रोज मिळत नव्हते, त्या सगळ्यांनीच उन्हाचा असा उपयोग करून घेतला. धर्म आणि जात वेगळी असली तरी दोरीवरच्या पट्ट्या सारख्याच दिसत.

त्यामुळे दख्खनमध्ये धुराकडे टिकवण्याचे काम आलेच नाही. त्याच्याकडे राहिले ते सुगंधाचे काम. निखाऱ्यावर मांस भाजण्याची परंपरा मात्र इथे फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात लिहिलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात भाजलेल्या मांसाचे अनेक प्रकार येतात. ती कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण, मराठवाड्याच्या अगदी शेजारचे. पुढे सुलतानांच्या आणि मोगलांच्या काळात सीख, तंदूर आणि दम या रीती इथे रुजल्या. या शहराची ओळख असलेल्या नान-कलियाची कथा तर थेट मोहम्मद तुघलकापर्यंत नेली जाते. १३२७ च्या सुमारास त्याने राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा लष्करासाठी मोठ्या देगांत कलिया आणि तंदुरात नान होऊ लागले, असे सांगितले जाते. कथा किती खरी हे इतिहासकारांनी ठरवावे. पण लाकडाच्या आचेवर शिजलेला कलिया आणि गॅसवरचा कलिया यांतला फरक मात्र या शहरातल्या कुणालाही डोळे मिटून ओळखता येतो.

धुरात असते तरी काय?

लाकूड मुख्यतः तीन गोष्टींचे बनलेले असते. सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. पहिले दोन जळताना गोडसर, भाजक्या साखरेसारखा वास देतात आणि मांसाला तांबूस रंग आणतात. लिग्निन तुटले की त्यातून ग्वायाकोल आणि सिरिंगोल ही द्रव्ये बाहेर पडतात. ज्याला सगळे 'धुराचा वास' म्हणतात, तो बराचसा या दोघांचा असतो.

पूर्ण पेटलेल्या कोळशाला मात्र स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. कोळसा म्हणजे आधीच जळून गेलेले लाकूड. सीख कबाबचा जो वास रस्ताभर पसरतो, तो निखाऱ्यावर पडणाऱ्या चरबीचा असतो. धुंगारात तूप घालतात ते यासाठीच. निखारा नुसता ठेवला तर फारसे काही होत नाही. त्यावर तुपाचा थेंब पडला की सुगंधी वाफ तयार होते आणि ती ओलसर, स्निग्ध पृष्ठभागाला पटकन चिकटते. म्हणून कोरड्या पदार्थापेक्षा रश्शाला, दह्याला किंवा खिम्याला धुंगार चांगला लागतो.

पहिला धडा: धुंगार

नवशिक्याने पहिला प्रयोग अर्धा किलो खिम्यावर करावा. खिमा नेहमीसारखा शिजवून, पाणी आटवून, तेल सुटेपर्यंत परतून घ्यावा. मसाला एरवीपेक्षा थोडा कमी ठेवावा, कारण धूर हा स्वतःच एक मसाला आहे.

लाकडी कोळशाचा लिंबाएवढा एक तुकडा चिमट्यात धरून किंवा जाळीवर ठेवून पेटवावा. तो आतपर्यंत लाल झाला पाहिजे आणि वर राखेचा पातळ पांढरा थर आला पाहिजे. अर्धवट पेटलेला, काळा राहिलेला कोळसा कडवट धूर सोडतो. नव्वद टक्के धुंगार इथेच फसतात. झटपट पेटणाऱ्या, रसायन लावलेल्या कोळशाच्या गोळ्या अजिबात वापरू नयेत.

खिम्याच्या मधोमध जागा करून त्यात स्टीलची छोटी वाटी ठेवावी. वाटी नसेल तर कांद्याचे जाडसर पाळे चालते. त्याचा रस थोडा जळून आणखी एक छटा देतो. वाटीत निखारा ठेवून त्यावर दोन लवंगा टाकाव्यात, अर्धा चमचा तूप सोडावे आणि लगेच झाकण घट्ट लावावे. चार मिनिटे थांबावे. झाकण काढून निखारा ताबडतोब बाहेर काढावा आणि पाण्यात विझवावा.

चार मिनिटांऐवजी पंधरा मिनिटे ठेवले तर वास चौपट होईल, असे वाटते. होते उलटेच. तूप जळून संपते, निखारा घुसमटतो आणि खिम्याला राखेची, कडसर चव येते. कमी वाटला तर दुसऱ्या वेळी एक मिनिट वाढवावे. लागलेला धूर मात्र काढता येत नाही. हीच कृती दही-कांद्याच्या कोशिंबिरीला, मसूरच्या डाळीला, वांग्याच्या भरिताला आणि बिर्याणीच्या यखनीला लागू पडते. ज्या घरात मांस खात नाहीत, तिथेही हा धडा वाया जात नाही.

रोजा आणि धूर

रमजानमध्ये या शौकाला वेळेचे बंधन पाळावे लागते आणि त्याचे कारण फक्त सोयीचे नाही. हनफी फिकहनुसार रोजात धूर आपोआप नाकातोंडात गेला तर रोजा तुटत नाही. पण जाणूनबुजून तो आत ओढून घेतला, मग तो लोबानचा का असेना, तर रोजा तुटतो. शेगडीवर वाकून 'वास कसा येतोय' हे पाहायची सवय असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे आणि शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. मीठ चाखण्याचेही तसेच. गरज असेल तर जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकण्याची मुभा आहे, उगाच चाखत राहणे मात्र मकरूह आहे.

म्हणून सोपा मार्ग असा, की दिवसा फक्त तयारी करावी. मांस धुणे, कापणे, मसाला लावून फ्रिजमध्ये ठेवणे ही कामे असरच्या आधी उरकता येतात. निखारा पेटवायचा तो रोजा सुटल्यावर. पाच मिनिटांचा धुंगार मगरिबनंतर सहज होतो. पुढे सांगितलेला दोन तासांचा प्रकार सुट्टीच्या आदल्या रात्री तरावीहनंतर करावा. सहरीपर्यंत पदार्थ तयार होतो आणि रात्रीच्या थंड हवेत शेगडीजवळ बसणेही सुसह्य असते.

दुसरा धडा: कुंडी आणि आच

धुंगार जमू लागला की पुढची पायरी म्हणजे मांस धुरातच शिजवणे. यासाठी महागडी पेटी नको. मातीच्या दोन मोठ्या, नव्या, रंग न दिलेल्या कुंड्या पुरतात. एक कुंडी तीन विटांवर ठेवायची, म्हणजे तळाच्या भोकातून हवा आत येईल. तिच्यात पेटते कोळसे. कोळशाच्या वर थोडे अंतर ठेवून पाणी भरलेली स्टीलची छोटी परात किंवा खोलगट ताटली, म्हणजे आच थेट मांसाला लागणार नाही. कडेने धूर वर यायला जागा राहील एवढी ती लहान असावी. त्याच्या वर स्टीलची जाळी, जाळीवर मांस आणि सगळ्यावर दुसरी कुंडी पालथी. पालथ्या कुंडीचे भोक हेच धुराडे. आच वाढली तर भोक खापराच्या तुकड्याने अर्धे झाकायचे.

येथे दोन गोष्टी जपाव्यात. जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे, बादल्या, जाळ्या वापरू नयेत. तापल्यावर त्यातून निघणारी वाफ विषारी असते. आणि कुंडी एकदम तापवू नये, ती तडकते. पहिल्यांदा मांस न ठेवता नुसती आच करून पाहावी. किती कोळशाला किती उष्णता येते, भोक झाकले की काय होते, हे एका संध्याकाळी कळून जाते. आत ११० ते १२० अंश सेल्सिअस उष्णता टिकवता आली की अर्धे काम झाले. त्यासाठी एक खर्च मात्र जरूर करावा. मांसात खुपसायचा साधा डिजिटल थर्मामीटर घ्यावा. अंदाजाने शिजवलेली कोंबडी बाहेरून तांबूस आणि हाडाशी कच्ची निघते.

धुरासाठी लाकूड फळझाडाचे घ्यावे. आंबा, पेरू आणि जांभूळ उत्तम. मोसंबीच्या बागा तर जालना, पैठण भागात जागोजाग आहेत. छाटणीत निघालेल्या फांद्या शेतकऱ्याकडे मागितल्या तर तो नाही म्हणत नाही. लाकूड निदान सहा महिने वाळलेले असावे, त्यावर बुरशी नसावी, ताज्या फवारणीतले नसावे. कोळसा बाभळीचा चांगला, तो जास्त वेळ टिकतो. कडुनिंबाचा धूर कडवट होतो, निलगिरी आणि चीड यांचा तेलकट व राळेचा लागतो. प्लायवूड, रंगवलेले फळकूट, जुन्या फर्निचरचे तुकडे तर नकोतच. आणि कण्हेरीची काटकीसुद्धा जवळ आणू नये, ती विषारी आहे. सोसायटीच्या बागेतून अनोळखी काटक्या गोळा करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

पेटवण्यासाठी रॉकेल किंवा पेट्रोल वापरले तर पुढचे तासभर तोच वास मांसात मुरतो. त्यापेक्षा कागद, सुकी काडी आणि थोडा धीर. कोळसे राखाडी झाले की त्यांवर अंगठ्याएवढे लाकडाचे दोनच तुकडे ठेवावेत. दाट पांढरा धूर निघत असेल तर लाकूड नीट जळत नाही, हवा कमी पडते आहे, असे समजावे. हवा असतो तो विरळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर. पाहणाऱ्याला वाटते आग विझली की काय. जाणकाराला कळते की आता मांस ठेवायची वेळ झाली.

कोंबडी आधी, बकरा नंतर

पहिल्यांदा कोंबडीच्या तंगड्या घ्याव्यात. एक किलोला दोन सपाट छोटे चमचे मीठ, आले-लसूण, घट्ट दही, थोडी काश्मिरी मिरची आणि लिंबू. रात्रभर फ्रिजमध्ये. जाळीवर ठेवण्यापूर्वी जास्तीचा मसाला निपटून पृष्ठभाग थोडा सुकू द्यावा, पण निथळता ओला ठेवू नये. ११० ते १२० अंशांत साधारण दीड ते दोन तास लागतात. हाडाजवळचे तापमान ७४ अंशांच्या खाली असता कामा नये. तंगडीसाठी ८० च्या पुढे गेले तर मांस अधिक मऊ लागते. दर पाऊण तासाने चार-पाच पेटते कोळसे वाढवावेत. लाकूड मात्र पहिल्या तासापुरतेच. त्यानंतर दिलेल्या धुराने चव वाढत नाही, कडवटपणा वाढतो.

बकऱ्याच्या गोश्ताची गोष्ट वेगळी. अमेरिकी व्हिडिओंतले मांस जाड आणि चरबीदार असते, ते दहा-बारा तास तग धरते. आपला बोकड लहान आणि हडकुळा. त्याची रान त्याच पद्धतीने ठेवली तर चामड्यासारखी कोरडी होते. म्हणून खाटकाकडून दस्त, म्हणजे पुढचा पाय खांद्यासकट, घ्यावा. त्यात पडदे आणि शिरा जास्त असतात. या पडद्यांतले कोलॅजन हळूहळू विरघळते आणि त्याचे जिलेटिन होते. पायाचा शोरबा बोटांना चिकटतो, तो याच जिलेटिनमुळे. हे काम वेळ घेते, घाई केली तर होत नाही. कच्च्या पपईने मांस लवकर मऊ होते खरे, पण इतक्या मंद आचेवर ते पीठ होऊन जाते. इथे पपई नको.

दस्ताला पाच-सहा तास धरून चालावे. सुरुवातीला तापमान भराभर वाढते आणि ६५ ते ७० अंशांच्या आसपास अडकून बसते. तासभर काटा हलत नाही. नवशिका घाबरून कोळसे ओततो आणि सगळे जाळून टाकतो. खरे कारण सोपे आहे. मांसाच्या पृष्ठभागावरून पाण्याची वाफ होत असते आणि ती वाफ मांसाला थंड ठेवते, जसा घाम अंगाला थंड ठेवतो. माठातले पाणी गार राहते तेही याच नियमाने. अशा वेळी मांस केळीच्या पानात गुंडाळून, वर फॉइल लावून परत ठेवावे. वाफ अडली की तापमान पुन्हा चढू लागते. ९३-९५ अंशांना हाड हाताने सुटते. मग बाहेर काढून अर्धा तास झाकून ठेवावे आणि मगच सोडवावे. नानबरोबर, कच्चा कांदा आणि लिंबू घेऊन खावे. वेगळ्या चटणीची गरज पडत नाही.

जिथे हयगय चालत नाही

निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेल्या माणसांचे बळी जातात, ते या वायूमुळे. म्हणून कुंडीचा प्रयोग गच्चीवर किंवा अंगणातच करावा, बाल्कनीतही नाही. घरात फक्त चार मिनिटांचा धुंगार, तोही खिडकी उघडी ठेवून. काम संपल्यावर राखेवर पाणी ओतून ती पूर्ण विझल्याची खात्री करावी. राखेखालचा निखारा सकाळपर्यंत जिवंत राहू शकतो.

दुसरी गोष्ट तब्येतीची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. खारवलेले आणि धुरावलेले मांस त्यात येते. रोज ५० ग्रॅम असे मांस खाण्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असे संस्थेने म्हटले. चरबी जळून उठणाऱ्या काळ्या धुरातही घातक द्रव्ये असतात. याचा अर्थ धुंगार सोडून द्यावा असा नाही. तो रोजचा करू नये, जळून काळे झालेले भाग काढून टाकावेत आणि भडका उडू देऊ नये, एवढा बोध पुरे. महिन्यातून एकदा होणाऱ्या गोष्टीची वाट पाहण्यात मजाही असते.

तिसरी गोष्ट साठवणीची. घरी धुरावलेले मांस टिकाऊ नसते. ते शिजलेले मटण आहे, त्यापलीकडे काही नाही. दोन तासांत, आणि कडक उन्हाळ्यात तासाभरात, ते फ्रिजमध्ये गेले पाहिजे आणि तीन-चार दिवसांत संपले पाहिजे. कच्चे मांस थंड धुरात महिनोन्‌महिने टिकवण्याचे व्हिडिओ पाहून कुणी तसा प्रयोग करू नये. त्यात मिठाचे आणि इतर क्षारांचे काटेकोर प्रमाण लागते. ते चुकले तर बोट्युलिझमसारखी जीवघेणी विषबाधा होऊ शकते.

शौक कुणाचा, काम कुणाचे?

एक मुद्दा पाककृतीच्या पुस्तकांत येत नाही. रमजानमध्ये घरातल्या बायका पहाटे सहरीला सगळ्यांच्या आधी उठतात आणि असरनंतर रोज्यातच इफ्तारीच्या तयारीला लागतात. अशा घरात एखाद्या भावाला किंवा नवऱ्याला धुराचा शौक लागला, त्याने चार तास शेगडीजवळ बसून वाहवा मिळवली आणि काजळी धरलेली जाळी, तेलकट परात अन् राखेचा ढीग बायकांसाठी सोडून दिला, तर तो शौक घराला महागच पडतो. एकेकाळी धूर त्यांनी सोसला. आता निदान जाळी तरी ज्याची त्याने घासावी. उलट हा शौक नीट केला तर आठवड्यातली एक रात्र स्वयंपाकघराला सुट्टी देता येते. मांस गच्चीवर, नान बाजारातून आणि बहिणीच्या किंवा अम्मीच्या हातात आयते ताट.

शेजाऱ्यांचेही तसेच. धूर कुंपण ओळखत नाही. खालच्या मजल्यावर कुणाचे कपडे वाळत असतील, कुणाला दमा असेल, कुणाच्या घरी मांसाचा वास चालत नसेल. आधी सांगून ठेवणे, वाऱ्याची दिशा पाहणे, रात्री उशिरा गोंगाट न करणे, यात काही कठीण नाही. शोरब्यात पाणी वाढवून शेजाऱ्याची आठवण ठेवावी, ही शिकवण हदीसमध्ये आहे. ज्याच्या घरात वास गेला त्याच्या घरी ताटही जावे. तो मांस खात नसेल तर त्याच निखाऱ्यावर त्याच्यासाठी दोन वांगी भाजून, मीठ-मिरची घालून भरीत पाठवावे. धुरावलेले वांगे मराठवाड्यात कुणाला नको असते?

ज्यांना आजच सुरुवात करायची आहे, त्यांनी कुंड्या आणायला धावू नये. पहिल्या रात्री अर्धा किलो खिमा, एक पुरता लाल झालेला निखारा, अर्धा चमचा तूप आणि चार मिनिटे. झाकण मध्येच उघडून पाहायचा मोह होतो, तेवढा आवरावा. दिवसभर पाण्याचा घोट न घेता राहिलेल्या माणसाला चार मिनिटांचा सब्र काही जड नाही.